आईच्या साडीची चिंधी

शनिवार, संध्याकाळ. डब्लिन, ओहायो.

शेजारच्या साठेकाकांची जुनी लष्करी रायफल विकायची नाही, हे आज ठरलं. तरी एक गोष्ट मनातून जात नाहीये.

गेल्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर, गोळ्या झाडून झाल्यावर नळीतून आईच्या जुन्या सुती साडीची चिंधी फिरवली, तर तिच्यावर शिशाच्या करड्या रेघा. "नळी गेली गं. विकून टाकतो," काका म्हणाले. काकू गेल्यापासून शनिवारची रेंज एवढंच त्यांचं बाहेर पडणं. मग मी नळी आतून मोजली. इतक्या वर्षांत झिजून ती रुंद झालेली, आणि आम्ही घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या तिच्यात सैल, म्हणून शिसं आत चिकटत होतं. या वेळी जरा मोठ्या साच्यातून ओतल्या.

आज चिंधी स्वच्छ निघाली. काकांनी ती उन्हात धरून पाहिली. टार्गेटकडे मात्र पाहिलंच नाही. भोकं अजून तशीच विखुरलेली. त्यांचा हात थरथरतो. सांगावं का? मला नाही जमलं.

परतताना गाडीत काका स्वतःच म्हणाले, "बंदूक ठणठणीत आहे. पुढच्या वेळी नेम तू धर."

"आणि तुम्ही?"

"मी चिंधी फिरवीन. साडी उरलीये ना अजून?"