नऊ मैल

शनिवार, ४ मार्च १९४४

सगळे परतले! एकवीस गेली, एकवीस आली. तरी तळावर सगळ्यांची तोंडं उतरलेली.

हवा बिघडली म्हणून विमानांना समुद्रावरूनच माघारी बोलावलं. शत्रूचा किनारा ओलांडला नाही तर बॉम्बहल्ल्याची फेरी मोजणीत धरायची नाही, असा नियम. पहाटे उठायचं, ताजं अंडं खायचं (ते उडणाऱ्यांनाच, आम्हाला भुकटीचं), मनातल्या मनात घरच्यांचा निरोप घ्यायचा — आणि कार्डावर काहीच नाही.

कार्डं माझ्याकडे असतात. माणशी एक. पंचवीस फेऱ्या भरल्या की माणूस अमेरिकेला परत. कॅप्टन लिंडक्विस्ट आणि त्याच्या विमानातले नऊ जण, सगळ्यांच्या चोवीस झाल्यात.

त्यांचं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं. माघारीचा निरोप त्यांना ऐकूच आला नव्हता. एकटेच पुढे गेले होते. तोवर मी ऑफिसच्या पायरीवर उभी. नखं उरली नाहीत.

रविवार, ५ मार्च

लिंडक्विस्ट माझ्या टेबलाशी आला. मिनेसोटाचा, बोलणं कमी. टोपी हातात घेऊन फिरवत होता.

"कुबी, कालची धरली का?"

मी म्हटलं, लॉग बघावा लागेल. विमान कुठून वळलं ते मार्ग काढणारा माणूस मिनिटामिनिटाला लिहितो, तोच लॉग. त्या माणसानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय — किनारा नऊ मैलांवर असताना वळलो. कशाला इतका प्रामाणिकपणा! तीन मिनिटं आणखी गेले असते तर? पण ढगात एकटं विमान, तीन मिनिटं आणखी...

मी कॉफी दिली. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडली. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यानंही.

"ह्या खेपेला बायकोला लिहून टाकलं," म्हणाला. "संपलं म्हणून. बावळटपणा केला."

मंगळवार, ७ मार्च

तळाच्या कर्नलनी ती फेरी धरायला नाही म्हटलं.

मी कागद घेऊन आत गेले. मेजर प्रूइट तिथेच बसलेले. ते ऑफिसचा कारभार बघतात, जॉर्जियाचे वकील. मला 'प्रोफेसरीणबाई' म्हणतात, कारण मी पदवीधर आहे आणि फक्त कॉर्पोरल आहे. मी नीट मुद्दे काढून नेले होते. निरोप पोचला नाही ही त्यांची चूक नाही. धोका सगळ्यांपेक्षा जास्त त्यांनीच घेतला. लिंडक्विस्टचे हात थरथरतात, आणि तो पुढे असतो तेव्हा मागच्या वीस विमानांचा जीव त्या हातात असतो.

कर्नल हास्कलनी सगळं ऐकलं. मग: "नऊ मैल म्हणजे नऊ मैल, कॉर्पोरल. आज नऊ धरले तर उद्या कोणी अठरा घेऊन येईल. त्यालाही आई आहे."

"पण सर —"

"मोजायची नाही. पुढे."

बाहेर आल्यावर मेजर म्हणाले, "प्रोफेसरीणबाई, खटला उत्तम मांडलात. फक्त न्यायाधीश चुकीचा निवडलात."

रडले नाही. कपाटामागे गेले होते, पण रडले नाही.

कसला माणूस हा कर्नल? कॅन्ससच्या गव्हाच्या शेतातला. पोस्टाची विमानं चालवली. हिमवादळात दोनदा पडला आणि दोन्ही वेळा पिशव्या पाठीवर घेऊन चालत गावात पोचला, असं मेजर सांगतात. मग दहा वर्षं पोरांना उडायला शिकवलं. ऑक्टोबरात आधीचे कमांडर परतले नाहीत तेव्हा हे आले. तेव्हापासून तळावरचं पत्र न् पत्र, यादी न् यादी वाचतात. जो कागद हातात पडेल त्याच्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीनं सही आणि तारीख. जेवणघराच्या बटाट्यांच्या यादीवरसुद्धा! मला ते आवडायचं. वाटायचं, असा माणूस वर असला की खाली कोणावर अन्याय होणार नाही.

बुधवार, ८ मार्च

कर्नलशी दिवसभर कामापलीकडे एक शब्द नाही. त्यांनी लॉगच्या कपाटाची किल्ली मागितली. मी हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. कळलं असेल तर कळू दे.

गुरुवार, ९ मार्च

एकोणीस गेली, सतरा आली. लिंडक्विस्टचं विमान दुरुस्तीत, ते दहाही तळावरच.

सबंध दुपार घरच्यांना पत्रं. वीस घरं. मजकूर मी करते, शेवटची ओळ कर्नल स्वतःच्या हातानं लिहितात — प्रत्येकाला वेगळी. 'तुमचा मुलगा जेवणघरात माउथऑर्गन वाजवायचा.' हे त्यांना कुठून माहीत असतं?

मग बॉम्ब टाकलेल्या शहराचे फोटो आले, वरून काढलेले. मला खाली टाइप करायचं होतं: 'परिणाम चांगला.' कर्नल भिंग लावून बराच वेळ बघत होते. "ही शाळा असावी," म्हणाले. मेजर म्हणाले, गोदाम असेल. कर्नलनी भिंग खाली ठेवलं. "टाइप करा, कॉर्पोरल."

केलं. मी इतिहास घेऊन बी. ए. झाले. युद्ध न्यायाचं आहे असं मला वाटतं. अजूनही वाटतं. पण 'चांगला' हा शब्द टाइप करताना बोटं चुकली, दोनदा खोडावा लागला.

शनिवार, ११ मार्च

केलं. देवा, मी केलं.

वरच्या मुख्यालयाला दुपारपर्यंत यादी हवी होती — कोणाच्या फेऱ्या पूर्ण झाल्या, कोण घरी जाणार. कर्नल दारातूनच म्हणाले, "यादी तुम्ही करा. मी सही करतो. आज वाचायला सवड नाही."

सवड नाही! बटाट्यांची यादी वाचणारा माणूस!

मी कार्डं काढली. लिंडक्विस्ट — चोवीस. पेन हातात होतं. चार तारीख लिहिली, पुढे पंचवीस. मग उरलेली नऊ कार्डं. दहा ओळी यादीत. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. हिरवी पेन्सिल, तारीख. कागद परत देताना एकदा माझ्याकडे बघितलं. "थंडी वाजतेय का, कॉर्पोरल? शेगडीजवळ बसा."

पप्पा आठवतात. ओमाहाच्या कत्तलखान्यात बावीस वर्षं. इंग्रजी वाचता येत नाही, समोर येईल त्या कागदावर सही करत आले. माझी पदवी स्वयंपाकघरात टांगलीय, आमच्या घरातली पहिली. स्टेशनवर सोडायला आले तेव्हा म्हणाले, "ब्लाझेना, तू लिहिलेलं कोणी तपासायला जाणार नाही. शिकलेल्याचं खरंच धरतात. म्हणून नीट लिही."

नीट लिहिलं, पप्पा. अक्षर अगदी सुरेख आलं.

सोमवार, १३ मार्च

ते गेले. लिंडक्विस्टची नऊच्या नऊ माणसं — ट्रकमध्ये उभी राहून ओरडत, गात! एकानं माझी टोपी पळवली. लिंडक्विस्ट मागे थांबला. खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. अंडं. खरं, कवचातलं.

"चार तारखेचं," म्हणाला. "त्या दिवशी खाल्लं नव्हतं. खाल्लं असतं तर फेरी तेव्हाच धरली गेली असती बघ." मग हळूच, "धरली कशी गेली, कुबी?"

"कर्नलनी सही केली."

खोटं नाही. खरंही नाही.

अंडं खिडकीत ठेवलंय. खाववत नाही.

मंगळवार, १४ मार्च

मुख्यालयातून पत्र. पंचवीस फेऱ्या पूर्ण दाखवलेल्या प्रत्येकाचं कार्ड आणि लॉग ताडून बघायला एक अधिकारी येणार. २२ तारखेला.

जेवले नाही.

बुधवार, १५ मार्च

लॉग नाही!

सगळे जेवायला गेले तेव्हा कपाट उघडलं. काय करणार होते? माहीत नाही. फाडणार नव्हते... बहुतेक. फेब्रुवारीचे सगळे आहेत, मार्चचे सगळे आहेत, चार तारखेचे वीस आहेत. लिंडक्विस्टच्या विमानाचा तेवढा नाही. तीनदा मोजले.

कोणीतरी काढून ठेवलाय. म्हणजे कोणालातरी कळलंय. माझ्याविरुद्ध जपून ठेवलाय.

मेजर प्रूइट केव्हा आत आले कळलंच नाही. "काय हरवलं, प्रोफेसरीणबाई? तत्त्वं?"

हसले ते! नेहमीसारखेच हसले. की वेगळे?

गुरुवार, १६ मार्च

त्या दहा जणांना बंदरावरून परत आणतील. माझ्यामुळे. एकदा सुटका सांगून परत! मी काहीच केलं नसतं तर एवढं वाईट झालं नसतं. माझ्या बाहीवरच्या पट्ट्या जातील, जाऊ देत. पण यादीवर सही कर्नलची आहे. खोट्या यादीखाली त्यांचं नाव. ती हिरवी सही आजवर कोणी उलटून बघितली नाही.

शुक्रवार, १७ मार्च

कबुली लिहिली. एक पान. कोणाला दोष नाही, मीच केलं, कर्नलना माहीत नव्हतं.

चारला आत गेले. ते नकाशावर वाकलेले. मी म्हटलं, "सर, मला एक सांगायचंय."

"पाच मिनिटांचं की जास्त?"

"जास्त, सर."

"मग उद्या. मी परतल्यावर."

परतल्यावर! मी विचारलं, तुम्ही जाताय? गटाच्या कमांडरनं दर वेळी जायचं नसतं, वरून तशी तंबी आलीय. ती मीच टाइप करून फाइलला लावली होती.

"कोणीतरी पुढे हवं ना," कर्नल म्हणाले. "लिंडक्विस्ट घरी गेला. नव्या पोरांनी आजवर कोणाच्यातरी मागेच उडवलंय."

मी तशीच उभी. कागद हातात.

"उद्या, कॉर्पोरल. नक्की. जागा सोडून जाऊ नका."

शनिवार, १८ मार्च

वीस गेली.

पायरीवर मोजले. सात. बारा. सोळा, सतरा. मग आकाश रिकामं. शेजारी मेजर. एक विनोद नाही.

सगळ्यांत पुढचं आलं नाही.

मागच्या विमानातला गोळंदाज सांगतो, उजवा पंख पेटला, पण ते रांगेतून हलले नाहीत. बॉम्ब टाकून होईपर्यंत सरळ, मगच खाली. हवाई छत्र्या किती उघडल्या? तो म्हणतो तीन. दुसरा म्हणतो चार. आत दहा माणसं होती.

मी जागा सोडली नाही. सात वाजता मेजरनी दिवा मालवला आणि दंडाला धरून मला बाहेर काढलं.

रविवार, १९ मार्च

तीन की चार?

लिंडक्विस्ट इथे असता तर ते त्या विमानात नसते. मग लिंडक्विस्ट असता. हे गणित मी ११ तारखेला केलं नाही. दहा माणसं सोडवली, त्यांच्या जागी दुसरी दहा बसवली. त्यातले एक ते.

सोमवार, २० मार्च

मिसेस हास्कलना पत्र. मजकूर मी केला. शेवटची ओळ लिहायला कोणी नाही. मेजर म्हणाले, तूच लिही. पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

तासभर बसले. मग लिहिलं: 'ते सगळं वाचायचे.'

मंगळवार, २१ मार्च

आज कर्नलचं सामान बांधलं. परत न आलेल्याचं बांधतो तसंच, दोघांनी बसून. घरी पाठवण्याआधी एकेक कागद बघायचा. घरच्यांना लागेल असं काही असेल तर काढून टाकायचं. कोणाची दुसऱ्या बाईची पत्रं असतात, कोणाची अर्धवट मृत्युपत्रं. कर्नलच्या ड्रॉवरमध्ये पाइप, मुलीची चित्रं, पोस्टाच्या दिवसांतला एक पितळी बिल्ला. तळाशी एकदा दुमडलेलं पान.

लिंडक्विस्टच्या विमानाचा लॉग. किनारा नऊ मैल.

म्हणजे मेजर नव्हतेच. कर्नलनीच शोधून काढला होता. माझी लबाडी त्यांना कळली होती, आणि तरी १७ तारखेला माझ्याशी एवढ्या शांतपणे बोलले. मान वर करवेना.

"काही सापडलं?" मेजरनी विचारलं.

"एक कागद आहे. लागेल असा."

"कोणाला?"

मेजरनी हात पुढे केला नाही. शेगडीचं झाकण उघडलं आणि पाठ करून मोजे मोजत बसले — एक जोडी, दोन जोड्या, मोठ्यानं. कबुलीचं पान माझ्या खिशातच होतं. आधी ते टाकलं. मग लॉग उलगडला, शेवटचं बघायला म्हणून. कोपऱ्यात हिरवी सही होती.

सहीखाली तारीख, किल्ली मागितली त्या दिवशीची. ८ मार्च.

यादी मी ११ तारखेला केली.