ताईच्या रक्तातलं माझ्या रक्तात

प्रिय दादा,
धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, खोलीत छान ऊन येतं. आईचे गुडघे कसे आहेत?

प्रयोगशाळेत आम्ही रक्तातल्या बी पेशी तपासतो. त्या रोगजंतूंशी लढायला प्रतिपिंडं बनवतात. पण कधी कधी आपल्याच शरीरावर उलटतात. आधी सांधे धरतात, मग हृदयाच्या रक्तवाहिन्याही सुजवतात. आपली ताई ऐन तिशीत गेली, ती यानेच.

परवा तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. मी हौसेने हात पुढे केला. निकाल पाहून प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं.

"हे कुणाचं गं?"

"माझंच."

ताईचीच प्रतिपिंडं माझ्याही रक्तात निघाली. बाई म्हणतात, नुसती प्रतिपिंडं म्हणजे आजार नव्हे. हृदयाची तपासणी झाली, सगळं ठीक आहे. तरी सकाळी बोटं आखडली की वाटतं, ताईच हात धरून बसलीय.

आईला एवढ्यात काही बोलू नकोस. पण वहिनी फोनवर हसत म्हणाली होती, तुमची लेक चिमणी हल्ली बोटं दुखतात म्हणून लिहायला कंटाळते. दादा, तो कंटाळा नसेल रे. तिला उद्याच डॉक्टरांकडे ने.

वाट बघणारी,
तुझी धाकटी