तेवढी मोटर भरून जा

प्रिय रुपाली,

हे फोनवर बोलता आलं नसतं. दुकानात कुणी ना कुणी बसलेलं असतं आणि घरी आईचे कान माझ्याकडेच असतात. आज ती मावशीकडे काष्टीला गेलीय, म्हणून शटर आतून ओढून लिहायला बसलोय. बाहेरून एकजण हाका मारून गेला. मी ओ दिली नाही.

काल तुझा फोटो परत काढून पाहिला, कंपनीच्या निळ्या कपड्यांतला. आयटीआयची आठवण आली. तू फिटरच्या शेडमध्ये लोखंडाचा ठोकळा कानशीने घासत असायचीस आणि मी इलेक्ट्रिशियनचा वर्ग सोडून दारात उभा. सर ठोकळ्यावर काटकोन तपासायचा गुण्या ठेवून उजेडाकडे धरायचे. पोरांच्या ठोकळ्यातून उजेडाची रेघ दिसायची, तुझ्यातून कधीच नाही. सर तो नमुना म्हणून टेबलावर ठेवायचे आणि तू दिवसभर हवेत. लग्न झालं, दोघांनी मिळून चाकणला जायचं ठरलं होतं. तू गेलीस. मी म्हणालो, उन्हाळा आहे, गावातल्या जळालेल्या मोटरी तेवढ्या भरून येतो.

तो उन्हाळा कधी संपलाच नाही बघ. इथे विजेचा दाब कमी, पाणी खोल. बोअरच्या मोटरी जळतच राहतात. जळकी तार काढून नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं. जामखेडला टाकली तर नंबर लागेपर्यंत बागा वाळतात. मी गावातच, म्हणून लगेच. आणि खोटं कशाला सांगू, मोटर सोडल्यावर पाइपातून आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी येतं आणि बाया हंडे घेऊन पळत सुटतात, तेव्हा मला बरं वाटतं. कुणी दावणीला बांधलं असतं तर दावं तोडून आलो असतो.

तू विचारायचीस, दुसऱ्या कुणाला शिकव ना. शिकवलं की. चुलतभाऊ ओमला जवळ बसवून सगळं शिकवलं. हात चांगला बसला आणि तो सुप्याच्या एमआयडीसीत लागला. पहिल्या सुट्टीत पेढे घेऊन आला, पाया पडला, म्हणाला, “दादा, तुझ्यामुळं सुटलो.” पेढा तोंडात होता, मी दुसरा उचलला.

तुला न सांगितलेली एक गोष्ट आहे. फाल्गुनात मी निघालो होतो. तुला आधी कळवलं नाही, दारात येऊन उभा राहणार होतो. जामखेडच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसलो, बॅग वर ठेवली. तेवढ्यात आपले सरपंच काकासाहेब गाडीत चढले आणि शेजारी येऊन बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “सहादेवा, तू जाय. तुला कोन आडवनार? फकस्त बनुबाईची मोटर जळलीय, तेवढी भरून जा. म्हातारीची लिंबं वाळत्याल.” सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. तरी मी म्हणालो, “काका, ह्या खेपेला राहू द्या.” त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. कंडक्टरने आपणहून बॅग काढून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, “उतरा दादा, म्हाताऱ्या मान्साचं काम हाय.”

बनुबाईची झाली, मग दुसऱ्याची आली. पंधरवड्यात देवळापुढे मंडप घालून गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. काकासाहेब माईकवर म्हणाले, “आमचा इंजिनेर गाव सोडून कुटं जानार न्हाई.” टाळ्या पडल्या. ग्रामपंचायतीचा गाळा बिनभाड्याने दिला आणि किल्ली सगळ्यांसमोर हातात ठेवली. आई पदराने डोळे पुसत होती. मी हात जोडले. ते फोटो तुला पाठवले नाहीत, कारण त्यात मी हसतोय.

आता परवाचं. तू फोनवर म्हणालीस, “तुला जमत नसेल तर मीच येते. सोमवारी राजीनामा देते.” मी नुसतं “बघू” म्हणालो. आई शेजारी शेंगा फोडत होती. तिने सगळं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढच्या खोलीतली धान्याची कणगी तिने हलवलीय. तिथे तुझ्यासाठी शिलाई मशीन बसणार. काकासाहेब दुकानात येऊन सांगून गेले, “सूनबाई आली की बचत गटाच्या पिशव्या शिवायचं काम तिलाच देऊ.” मी म्हणालो, ती फिटर आहे. ते हसले. “व्हय की. मशीन बी फिट करंल.” वाईट मनाने नाही बोलले. त्यांच्या मनात कधीच वाईट नसतं, आणि तिथेच मला बोलायला जागा राहत नाही.

रुपाली, तू आलीस तर तुझं स्वागत होईल. ओटी भरतील, कौतुक करतील, आई तुला डोक्यावर घेईल. मग एक दिवस तू चाकणचं नाव काढशील आणि कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवून म्हणेल, तेवढ्या पिशव्या शिवून जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे, तू दारात दिसलीस तर मी तुला परत पाठवणार नाही, एवढं मला माहीत आहे. म्हणून आजच लिहितोय, म्हणजे सोमवारच्या आत तुला मिळेल. ओम सुट्टीला गावी आलाय, आज परत जाताना कंपनीच्या कामाने चाकणला जाणार आहे, पत्र त्याच्याजवळ देतोय. राजीनामा देऊ नकोस. मी येतो असं लिहीत नाही, ते फार वेळा म्हणून झालं. आई फोन करेल, काकासाहेब करतील, त्यांचं ऐकू नकोस. आणि एखाद्या दिवशी मी फोनवर रडून “ये” म्हणालो, तर माझंही ऐकू नकोस.

तुझाच,
सहादेव