अवधूतला ताळ्यावर आणण्याची योजना

३ ऑगस्ट १९९९
आज उलगडा झाला. आमचे चिरंजीव अवधूत ऑफिसातून आल्यावर कम्प्युटरला चिकटतात ते ‘जागृत तरुण’ नावाच्या ई-मेल ग्रुपपायी. सगळी पंचविशीतली मुलं. देशाच्या प्रत्येक दुखण्याला मुसलमान जबाबदार, हा एकच विषय. आमच्या माडीवर अकरा वर्षं बाशा सर भाड्याने राहतात. अवधूतला गणित त्यांनीच शिकवलं. आता तो जिन्यात त्यांना ओळख देत नाही.
त्याची आई, सुनंदा म्हणते, त्याच्याशी बोला. बोलून काय होणार? बँकेत एकतीस वर्षं माणसं हाताळलीत मी. खोट्या नावाने ग्रुपमध्येच शिरतो. पंधरा दिवसांत पोरगा ताळ्यावर.

६ ऑगस्ट
गांधी बझारच्या सायबर कॅफेतून पहिली मेल. नाव ‘वज्र’. शांत, मुद्देसूद.

७ ऑगस्ट
अठरा उत्तरं. सगळ्या शिव्या. एक अवधूतची. इंग्रजी बरं आहे त्याचं.

११ ऑगस्ट
आधी विश्वास संपादन करायला हवा. त्यांच्याच सुरात स्वल्प तिखट लिहिलं.

१९ ऑगस्ट
बरंच तिखट लिहिलं. पस्तीस जणांची वाहवा. रिटायर झाल्यापासून माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं. अर्थात, हा सगळा डावपेच.

२ सप्टेंबर
‘सुरुवात स्वतःच्या घरापासून करा’ असं लिहून टाकलं. वाक्य जमलं होतं. जेवताना अवधूतने ते आम्हालाच ऐकवलं. म्हणाला, अप्पा, वज्रसारखं कुणी आपल्या घरात हवं होतं. सुनंदा ताटावरून उठली.
मीही अर्धं ताट टाकून उठलो. पण वज्रचं ऐकतोय. आता वळवणं सोपं.

५ सप्टेंबर
अवधूत सकाळी माडीवर जाऊन बाशा सरांना महिनाअखेर घर सोडायला सांगून आला. घर माझं आहे, मी म्हटलं. तो म्हणाला, मग वर जा आणि राहा म्हणून सांगा त्यांना.
जाणारच होतो. गुडघा धरला होता. मेल जास्त परिणामकारक.

६ सप्टेंबर
वज्रने लिहिलं, म्हाताऱ्या मास्तरांना घराबाहेर काढण्यात कसली मर्दुमकी? दुपारपर्यंत वज्रला फितूर ठरवून ग्रुपमधून काढलं. सूचना अवधूतची.

२९ सप्टेंबर
टेम्पो आला. बाशा सरांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, तुमच्यावर राग नाही, अवधूतवरही नाही. कम्प्युटरवर कुणीतरी बसून या मुलांची डोकी भडकवतं.
मी म्हटलं, खरंय.