शांताक्काची रिकामी बाटली

५ मार्च २००७, सोमवार
सकाळपासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या, बाकावर गर्दी. गोळ्या मोजून मोजून बोटं पांढरी झाली, चहासुद्धा नाही. मुंबईचे साहेब तपासणीला आले होते. माझी वही बघून खूश. महिन्याने परत आणलेल्या कुणाच्याच बाटलीत चुकवलेली गोळी उरत नाही. समुपदेशक बाई कडक दिसतात, म्हणाले. आहेच. दोन उरल्या तरी झाडते मी.

८ मार्च
शांताक्काचा रक्ताचा रिपोर्ट आला. गडहिंग्लजकडची, विधवा, दिराच्या घरात राहते. वर्षभर न चुकता येते, बाटली दर वेळी रिकामी, आणि रक्तातली रोगाशी लढायची ताकद मात्र घटलेली. डॉ. म्हणाले, औषध लागू पडत नसेल. याच्या पुढचं औषध आपल्याकडे नाहीच. मग तिचं...

१२ मार्च
शांताक्काला आत घेऊन दार लावलं. गोळ्यांचं खरं काय ते विचारलं. मग म्हणाली, "सांजचं समदी घरात असत्यात. गोळी कुठं खाऊ? उरल्याल्या हिकडं येताना पुलावरनं टाकतो. तुमी वरडतासा की."
म्हणजे वर्षभर सकाळची तेवढीच घेतली. आणि मला भिऊन लपवलं. संध्याकाळी सहाला डेअरीत दूध घालायला एकटीच जाते, तेव्हा पदराच्या गाठीतून गोळी न्यायची आणि वाटेतच घ्यायची असं ठरवलं. आणखी किती जण टाकत असतील? फार लाज वाटली. जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
महिनाभर बाकावर सगळ्यांना सांगतेय, उरल्या तर आणा, रागावणार नाही. एक आजोबा नुसते हसले. शांताक्काची बाटली आज परत रिकामी. खरंच घेतल्या, की पूल? विचारायचा धीर झाला नाही.

३० एप्रिल
आता बाटल्या खुळखुळत येतात. कुणाच्या चार, कुणाच्या दहा. प्रत्येकाशी बोलायचं, वेळ बदलून द्यायची. पाचला घसा बसतो. साहेबांचं पत्र: गोळ्या उरू लागल्या, केंद्राचा दर्जा का घसरला, लेखी खुलासा द्या. काय लिहू, आधीचं सगळं खोटं होतं?
कागद कोराच. थकले.

७ मे
शांताक्काने मी मागायच्या आधीच बाटली टेबलावर ठेवली. नऊ उरल्या होत्या. पाहुणे आले त्या दिवसांच्या, म्हणाली. हात बाटलीवरून काढेना, नजर माझ्या तोंडावर.
"रागावला न्हाईसा?"
नाही म्हटलं. वहीत नऊ लिहिल्या. ती उठेपर्यंत माझ्याकडेच बघत होती.
खुलासा अजून लिहिला नाही. तिचं रक्त पुन्हा तपासायला पाठवलंय. फार उशीर झाला नसला म्हणजे मिळवली.