राजाची उडी

बोईसर, १८ नोव्हेंबर १९८६

ती. अप्पा,

पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे. खाणावळीत भाकरी मिळत नाही, पण भातानं पोट भरतं.

कारखान्यातली बुद्धिबळाची स्पर्धा जिंकणाऱ्याला कंपनी वर्षभर बाहेर खेळायला पाठवणार होती. जानेवारीत ठाणे, मेमध्ये पुणे, दिवाळीनंतर नागपूर. शिवाय नोकरीत कायम करणार होती. आता या सगळ्या स्पर्धा मी पेपरात वाचीन.

शेवटच्या डावात मीच वरचढ होतो. समोरच्याचा वजीर जवळ आला, तेव्हा शह बसायच्या आत मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे राजाची डावात एकदाच मिळणारी, घोड्यासारखी उडी मारली. सगळे हसले. पंच म्हणाले, "ही गावठी चाल इथं चालत नाही. राजाला हात लावलाय, आता राजाच हलवा." हलवला, आणि पुढच्याच चालीला मात झाली.

माझ्या पाळीतला वाणगावचा बुधा म्हणतो, "पुढच्या वर्षी हाय ना!" पुढच्या वर्षी मला ठेवतील का, हे त्याला कुठं ठाऊक?

अप्पा, तुम्ही लातूरच्या स्पर्धेतून पहिल्याच दिवशी परत आला होतात. का, ते कधी बोलला नाहीत. घरी मात्र राजाची उडी तशीच शिकवत राहिलात.

गुडघा कसा आहे? मायचा खोकला?

माझ्या लेकीला, पद्मीला तुम्ही पट मांडून देता, असं मायनं कळवलंय. द्या. पण लातूरला काय झालं, ते तिला आधी सांगा.

तुमचा,
विश्वंभर