दोन इंच

४ मे, जत
पुण्याहून निघताना सगळ्यांनी घाबरवलं होतं, पण जत मला आवडलं. शाळेच्या हॉलमध्ये आठ मशिनी, चौदा मुली आणि दिवसाआड टँकर. शिवणाचं शिबिर दहा दिवसांचं, शेवटी गावासमोर फॅशन शो. मशिनींना तेल घालणाऱ्या सुलाबाईंनी आल्याआल्या भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. मुली टाचणीसुद्धा विचारून घेतात. मजा येणार.

५ मे
आज मापं सुरू. सुलाबाई म्हणाल्या, माप एक इंच वाढवून लिहायचं, इथली रीतच आहे. "आवं म्याडम, जित्या माणसाचं नेमकं माप लिवत न्हाईत. लिवलं की अंग तितकंच ऱ्हातं." तरीच इथे सगळे झबली घातल्यासारखे फिरतात. मी फिटिंग शिकवायला आले आहे.

ब्राह्मी वर्गात सगळ्यांत गुबगुबीत आणि बडबडी. दाखवायला म्हणून पहिलं माप तिचं घेतलं. छाती तीस भरली. श्वास सोड म्हटलं, टेप करकचून आवळली आणि वहीत अठ्ठावीस लिहिलं. मुली खूप हसल्या, तीही हसली. बाकीच्यांची मापं उद्या.

७ मे
अठ्ठावीसचा टॉप ब्राह्मीला चक्क बसला. मी स्वतःवरच खूश. ती मात्र म्हणते, श्वास पुरत नाही. टॉप काढला तरी पुरेना. टेप लावली, अठ्ठावीस. श्वास घे म्हटलं. टेप हलली नाही.

बाकीच्या मुली आता माप देत नाहीत.

८ मे
डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, घाबरलीय. मी वहीतला आकडा खोडून तीस केला. उपयोग शून्य. सुलाबाई सांगतात, ज्यानं इंच कमी केले त्यानंच आपल्या अंगचे द्यायचे. वहीत माझं नाव लिहायचं आणि पुढे माझ्या छत्तीसच्या जागी चौतीस. जन्मभर थोडा दम लागेल, एवढंच. मी नाही म्हटलं. विश्वास बसला, म्हणूनच नाही म्हटलं.

९ मे
ब्राह्मीचे ओठ निळे. दोन शब्द बोलते, थांबते. तिचे वडील भरतेशकाका आले. मी सांगून टाकलं, हिला आधीपासून दमा असणार. संध्याकाळी न्यायला येतो म्हणाले. वही माझ्या बॅगेत कोंबली आहे. दुपारच्या गाडीनं मी निघते. मरो तो शो.

९ मे, दुपार
कात्री घ्यायला हॉलमध्ये आले आणि बाहेरून कडी —

बॅग व्हरांड्यात, माझ्याजवळ फक्त ही डायरी. मापांची वही मुलींच्या हातात. खिडकीच्या गजांतून दिसतंय. एकेक पुढे येते, माझ्या नावापुढे आकडा लिहिते, मोठ्यानं वाचते.

पस्तीस.

चौतीस.

ब्राह्मी हसली. छाती भरून हसली. दोन इंच पुरले तिला. मी ओरडले, झालं, थांबा आता —

तेहेतीस.

श्वास अर्ध्यावरच अडतो.

बत्तीस. सुलाबाई म्हणतायत, "पुरं गं पोरींनो, मरंल ती." कुणी ऐकत नाही. शांतपणे रांग लावली आहे. मी शिकवली तशी.

एकतीस. फासळ्या —

तीस

डोळ्यांपुढे काळं

आता ब्राह्मीची पाळी. वळून विचारलं तिनं, "मी किती लिवू गं?" सगळ्या एकदम म्हणाल्या —